सभा तहकूब, आपण गैरहजर

एफसी रोडवर गाडी लावायला जागा मिळाली की पुढचा अर्धा दिवस चांगला जातो, हे बहुतेकांना पटेल. पण ती गाडी तिथे फुकट लावायची की तासाचे पैसे भरून, हे नक्की ठरवतं कोण? आमच्या कट्ट्यावर विचारून बघितलं. ‘ट्रॅफिक पोलीस’, ‘आरटीओ’, ‘तो पावती फाडणारा माणूस’ अशी उत्तरं आली. एकाने तर ‘मुख्यमंत्री’ सांगितलं. महापालिकेची मुख्य सभा असं कुणीच म्हणालं नाही.

मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण आलं होतं. प्रशासनाला पे अँड पार्क शहरभर हवं होतं. विरोधकांनी रान उठवलं, महापालिकेसमोर आंदोलनं झाली आणि शेवटी ‘प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्ते’ असा मधला मार्ग काढून विषय मंजूर झाला. मी तेव्हा शाळेत होते. नंतर बारावी झाली, पदवी झाली आणि एवढ्या वर्षांत या रस्त्यांवर टू-व्हीलर लावायला मला एक रुपया द्यावा लागलेला नाही. म्हणजे ठराव झाला की काम झालं, असं अजिबात नाही. पण ठराव काय होता, विरोध कुणी केला, मधला मार्ग कसा निघाला, हे आज आठ वर्षांनीही सांगता येतं. कारण ते चारचौघांत, सभागृहात, नोंद करून घडलं.

मुद्दा इथेच आहे. मी मास कॉमला प्रवेश घेतला २०२२ मध्ये. पत्रकारिता शिकायची तर महापालिकेची सभा कव्हर करता आली पाहिजे, असं आमचे सर पहिल्याच महिन्यात म्हणाले. नंतर स्वतःच हसले आणि म्हणाले, ‘पण सध्या सभाच नाहीये.’ महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टाच्या तारखा यांत निवडणूक अडकली ती अडकलीच. अखेर मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. आमची अख्खी पदवी प्रशासक राजवटीत पार पडली. तेव्हा पुण्यातला जो मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, तिने पहिली चार वर्षं नगरसेवक ही गोष्ट फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिली. तीही ‘माजी’ किंवा ‘भावी’.

‘बरं झालं की राव, निदान गोंधळ नव्हता,’ असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण त्या चार वर्षांत काम कसं चालायचं, ते बघा. आयुक्त म्हणून एखादा प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. सही करणारा माणूस एकच. स्थायी समितीही तोच आणि मुख्य सभाही तोच. २०२५-२६चं महापालिकेचं अंदाजपत्रक होतं १२,६१८ कोटींचं. एरवी त्यावर सभागृहात दिवसच्या दिवस चर्चा झाली असती. त्या वर्षी विरोधात बोलायला सभागृहात कुणी नव्हतंच.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर खिशात हात घाला. १ जून २०२५पासून पीएमपीचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं, एका दिवसाचा पास ४०वरून ७०वर गेला, महिन्याचा ९०० रुपयांचा पास १५०० झाला. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या मालकीची कंपनी. तिच्या तोट्याचा भार दोघी ६० आणि ४० टक्के असा उचलतात. संचालक मंडळात दोन्हीकडच्या महापौरांना आणि स्थायी समितीच्या अध्यक्षांना जागा असते. दरवाढीचा प्रस्ताव तिथे आला तेव्हा या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोकप्रतिनिधी असते तर दरवाढ झालीच नसती, असा माझा दावा नाही. डिझेल, सीएनजी, पगार सगळंच वाढलंय. पण ‘विद्यार्थ्यांचं काय?’ हा प्रश्न कुणीतरी उभं राहून विचारला असता, आणि उत्तराची नोंद झाली असती.

ही नोंद किती काळ टिकते याचा माझा आवडता किस्सा १९७०चा आहे. त्या वर्षी पुण्याच्या मुख्य सभेने ठराव केला, की मालक स्वतः घरात राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत. पुढची अनेक दशकं पुणेकर त्या एका ठरावावर पैसे वाचवत होते आणि बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारने सवलत थांबवली, तेव्हा कुठे शहराला तिचा शोध लागला! मग व्हायचा तो आरडाओरडा झाला आणि २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. आजोबांच्या काळात कुणीतरी हात वर केला, म्हणून आमच्या घरचं बिल आज कमी येतं.

तर या सभेत असतं काय? कायद्याने महिन्यातून किमान एकदा ती व्हावीच लागते. महापौर अध्यक्षस्थानी, समोर १६५ नगरसेवक, बाजूला आयुक्त आणि खातेप्रमुख. आधी कार्यपत्रिका निघते. तिच्यात विषय क्रमांकाने असतात : रस्त्यांची रुंदी, आरक्षण उठवणं किंवा टाकणं, चौकांना नावं, धोरणं. येत्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. पैशांचा खरा खेळ मात्र १६ सदस्यांच्या स्थायी समितीत चालतो, आणि तिथे पत्रकारांनाही दाराबाहेर थांबावं लागतं. मुख्य सभा खुली असते. बहुमताने वेगळं ठरवलं नाही तर ती नागरिकांसाठी उघडीच ठेवावी, असं कायदाच म्हणतो. म्हणजे गॅलरी तुमची आहे.

आता गोंधळाबद्दल. मी जुन्या बातम्यांची कात्रणं वाचत बसले होते, आणि खरं सांगते, बरेचदा वैताग आला. श्रद्धांजली वाहिली, सभा तहकूब. गणसंख्या नाही, तहकूब. चौकाला नाव कुणाचं यावर तास न् तास, आणि कोट्यवधींचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’च्या आवाजात. मूळ प्रस्ताव एक, त्याला चिकटवलेली उपसूचना भलत्याच गोष्टीची. अंदाजपत्रकावरची भाषणं म्हणजे माझा प्रभाग, माझा नाला, माझी ‘स’ यादी. त्या यादीतून बाकडी येतात, नामफलक येतात, कापडी पिशव्या येतात. सध्याच्या सभागृहाचं जून २०१८ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा कार्यक्रम चालू असतानाच छतातून पाणी गळत होतं. याहून बोलकं चित्र कुणा व्यंगचित्रकारालाही सुचलं नसतं.

तरीही मला ती गळकी सभा बंद दालनापेक्षा बरी वाटते. कारण तिथला वेळकाढूपणा दिसतो. कोण गप्प बसलं, कुणी हात वर केला, कुणी नेमका मतदानाच्या वेळी बाहेर चहाला गेलं, हे दिसतं. फाईलवरची सही अशी दिसत नाही. आणि नगरसेवकांनाही हे सांगायला हवं, की चार वर्षं तुम्ही ‘आम्हाला सभागृह द्या’ म्हणत होता. आता मिळालंय. पहिलं सहा महिन्यांचं रेकॉर्ड श्रद्धांजलीच्या तहकुबीने भरलं, तर ‘प्रशासकच बरा होता’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी काय उत्तर देऊ?

आपली बाजूही फार उजळ नाही. रीलवर खड्डा टाकतो, स्टोरीला महापालिकेला टॅग करतो आणि झालं. मी स्वतः पहिल्यांदा सभा बघायला गेले तेव्हा कार्यपत्रिका न वाचताच गेले. विषय क्रमांक अमुक, विषय क्रमांक तमुक, आणि मी आपली वही उघडून बसलेली, एक ओळ न लिहिता. चूक माझीच होती. मॅच बघायला जाताना दोन्ही टीम तरी माहीत असतात. आता मी आदल्या दिवशी एकच विषय निवडते आणि त्याचा प्रस्ताव वाचून जाते. तेवढा एक कळला तरी बास.

गॅलरीत बसून बोलता येत नाही, ही अडचण आहेच. बोलायची जागा म्हणून कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. गावात ग्रामसभा तशी शहरात ही. आमच्या भागात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही, बाबांनीही नाही. तुमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, त्यातल्या एकाला तरी गाठून विचारा, की ती कधी घेताय. गणपतीच्या वर्गणीच्या वेळी ते भेटतातच.

आणि हो, निवडणूक लढवायला वय लागतं २१. म्हणजे मी, आणि हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी निम्मे तरी, त्या गॅलरीतच नाही तर खाली खुर्चीतही बसू शकतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आधी इंटर्नशिप पूर्ण कर.’

पुढच्या सभेला आम्ही चौघं जाणार आहोत. गरवारेला मेट्रोत बसलं की तिसरं स्टेशन महापालिका. एक जण पार्किंग बघणार, एक पीएमपी, एक टेकड्या. चौथा अजून ठरवतोय. तो म्हणतो, सभा तहकूब झाली तर मी तहकुबीच मोजेन.