वादळ आणि खांब

२७ ऑक्टोबर २०१९ला घरोघरी लक्ष्मीपूजन होते आणि अरबी समुद्रात ‘क्यार’ महाचक्रीवादळाच्या रूपाला पोचले होते. मासेमारीच्या ऐन हंगामात कोकणातल्या नौका बंदरात अडकून पडल्या. पाठोपाठ ‘महा’ आले. त्याच्या दहा वर्षे आधी, नोव्हेंबरातच, ‘फयान’ने कितीतरी घरांचे कर्ते खलाशी नेले होते. पुढे ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’. दिवाळी हा किनाऱ्यावर निर्धास्त सण राहिलेला नाही.

तरीही कोळीवाड्यात आज धास्ती विचारली, तर वादळाच्या जोडीने पूल, भराव आणि बंदर यांची नावे येतात. वादळाची चाहूल वारा देतो, पाणी देते, आता मोबाईलही देतो. बंदरावर बावटा लागतो. ते येते, नासधूस करते आणि जाते. समुद्रात रोवलेला खांब मात्र जात नाही.

वरळीचेच पाहा. सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेवर येणार होते. दोन खांबांत साधारण ६० मीटर अंतर आराखड्यात होते. कोळी बांधवांनी १६० मीटर मागितले. होडीची रुंदी मोजली तर ६० मीटर भरपूर वाटतात. पण उधाणाच्या पाण्यात होडी सरळ रेषेत जात नाही. वारा तिला एकीकडे रेटतो, प्रवाह दुसरीकडे, आणि समोरून दुसरी होडी येत असते. वादळाचा इशारा मिळाल्यावर परतायचे तेही याच फटीतून. आंदोलने झाली, काम अडले, आणि डिसेंबर २०२२मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केले. म्हणजे कोळ्यांची हरकत अडाणी नव्हती.

मला यात फार महत्त्वाचे काही दिसते. सरकारदरबारी वादळाची फाईल आपत्ती व्यवस्थापनाकडे असते आणि पुलाची बांधकाम खात्याकडे. होडीवर उभ्या तांडेलापुढे मात्र दोन्ही एकदमच उभी राहतात. वाऱ्याबद्दल तो बोलला की आपण त्याला अनुभवी म्हणतो. खांबाबद्दल तेच ज्ञान सांगितले की विकासविरोधी. हा अन्याय आहे, आणि त्यात आपणा शहरी वाचकांचाही वाटा आहे.

न्हावा-शेवा बंदराच्या परिसरात भराव आणि खारफुटीच्या नाशामुळे मासेमारी बुडाली. १९८९ला सुरू झालेल्या त्या बंदराच्या भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश हरित न्यायाधिकरणाने दिला तो २०१५मध्ये. तोवर एक पिढी खाडीवरून उठून गेली होती.

आता डहाणूजवळ वाढवण बंदर. ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी झाली; १,४४८ हेक्टर समुद्रात भराव आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. डोलजाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. ही भिंत ती ओढ कुठे वळवेल, असे तिथले मच्छीमार विचारतात तेव्हा त्यांना नुकसानभरपाईच्या धोरणाकडे बोट दाखवले जाते. प्रश्न पाण्याचा असताना उत्तर पैशांचे मिळते.

यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही किनाऱ्याला दिला आहे. आमची मागणी साधी आहे: समुद्रातल्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात स्थानिक तांडेलांनी सांगितलेले प्रवाह, खडक आणि वादळातल्या परतीच्या वाटा नकाशावर नोंदवाव्यात, आणि त्यांच्या प्रत्येक हरकतीला काम सुरू होण्याआधी मराठीत लेखी उत्तर द्यावे.