एकाच नावाच्या दोघी

डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा २००० सालचा चित्रपट लागला की माता रमाईच्या भूमिकेतील सोनाली कुलकर्णींना पाहून आपल्या आयाबाया पदराने डोळे पुसतात. तेवढ्यात एखादी पोर विचारते, “नटरंगमधली अप्सरा ती हीच का गं?”

नाही. ती दुसरी. नाव तेच, आडनाव तेच, गावही पुणेच!

थोरल्या सोनालीताई १९९४ च्या ‘मुक्ता’मध्ये दलित तरुणावर प्रेम करणारी मुलगी झाल्या, पुढच्याच वर्षी ‘दोघी’ आला. धाकट्या सोनाली २००७ साली ‘बकुळा नामदेव घोटाळे’मध्ये आल्या, तेव्हा थोरलीचे नाव घरोघर पोचले होते. अशा वेळी नवख्याने चांगले काम केले तर लोक म्हणतात, त्यात काय नवल, ती जुनी नटी आहे. पडले तर म्हणतात, हिने तिचे नाव घालवले. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर जमा दुसऱ्याच्या खात्यात आणि नावे मात्र आपल्या! कचेरीत एका नावाचे दोघे असले तर आम्ही बापाचे नाव लिहून मोकळे होतो. पोस्टरवर ती सोय नाही.

धाकट्या सोनाली इंग्रजीत नावाच्या शेवटी दोन ‘ई’ लिहितात. पण मराठी पोस्टर वाचणाऱ्याला दोन्ही ‘ली’ सारख्याच. फरक पडला तो जानेवारी २०१० च्या ‘नटरंग’मुळे. लोकांनीच तिला ‘अप्सरा’ म्हणून वेगळे ओळखले.

काहीजण नावच बदलतात. २०१४ साली ‘फगली’तून आलेल्या कियारा अडवाणीचे मूळ नाव आलिया. पण आलिया भट्ट आधीच गाजत होती. अमेरिकेत तर नटांच्या संघटनेत एका नावाचे दोघे चालत नसत, म्हणून मायकेल डग्लस नावाचा तरुण मायकेल कीटन झाला. त्यांचा नाइलाज असेल, पण आईबापाने ठेवलेले नाव न सोडता टिकलेली धाकटी मला अधिक भावते.

हे सिनेमापुरतेच आहे असे समजू नका. आनंद, मिलिंद ही नावे आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत, शिंदेही पुष्कळ. समजा, आपल्या तोंडवलीतला आनंद शिंदे नावाचा पोरगा १४ एप्रिलला भीमगीते गायला उभा राहिला. पत्रकावर नुसते नाव छापले तर गर्दी लोटेल, आणि स्टेजवर पोर दिसताच ओरडेल. पोराचा काय दोष? छापणारा मात्र गर्दीच्या मोहात पडलेला असतो.

वामनदादा कर्डक गाण्यातच ‘वामन’ गुंफत, त्यामुळे कागद हरवला तरी गाणे कुणाचे ते कळे. गाणाऱ्याला तो आधार नाही. तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, पत्रकावर त्याच्या नावापुढे ‘तोंडवलीकर’ छापा, तेही तेवढ्याच मोठ्या टायपात. निवेदकाने पहिल्या गाण्याआधी आणि शेवटच्या गाण्यानंतर त्याचे पूर्ण नाव, गाव सांगावे. मानधनाच्या पावतीवरही तेच लिहा. पुढच्या वर्षी बोलावताना शोधायला सोपे जाईल.