अपलोडचा भाव

तुळशीचं लग्न लागलं की आपला लग्नाच्या शूटिंगचा हंगाम सुरू. फुटेज पुण्या-मुंबईच्या एडिटरकडे पोचवायचं म्हटलं की यंदाही तोच पेच पडणार: इंटरनेट वाढवायचं, की हार्ड डिस्क रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ठेवून द्यायची?

जाहिरातीतला ठळक आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडची व्याख्या सुधारून किमान २ एमबीपीएसची अट घातली, तीही डाउनलोडचीच. आपला माल मात्र घरातून बाहेर जातो.

१०० एमबीपीएस बिटरेटचं फोर-के फुटेज तासाला ४५ जीबी भरतं. एका लग्नाचं २०० जीबी धरू. १० एमबीपीएस अपलोडवर ते चढायला ४४ तास लागतील, ३० वर १५, १०० वर साडेचार आणि ३०० वर दीड. आता पैसे बघा. जिओफायबरने २०२० मध्ये अपलोड-डाउनलोड सारखं देणारे प्लॅन आणले: ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस, ६९९ मध्ये १००, १,४९९ मध्ये ३००, वर १८ टक्के जीएसटी. ३० वरून १०० वर जायला करासह महिना ३५४ रुपये जास्त पडतात आणि दर लग्नामागे दहा तास वाचतात. तिथून ३०० वर जायला आणखी ९४४ रुपये, आणि वाचणार तीन तास, तेही बहुतेकदा आपल्या झोपेतले. रोज डिलिव्हरी देणारा स्टुडिओ सोडला तर हा खर्च आम्हाला पटत नाही. (जोडणी जीएसटी क्रमांकावर घ्या; जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत नसाल तर कर वळता होतो.)

फायबर न पोचलेल्या गावात ५जीचं एअरफायबर हाच पर्याय उरतो. पण ५जीत वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो, आणि महिन्याला १ टीबीची मर्यादा असली तर पाच लग्नांतच ती संपते. अपलोडही त्यातच मोजलं जातं.

दोन जोडण्या लोड बॅलन्सिंग राउटरवर घेतल्या म्हणून एका फाइलचा वेग दुप्पट होत नाही. ती एकाच लाइनने जाते. दुसरी लाइन घ्यायची तर पहिली बंद पडेल तेव्हासाठी. लीज्ड लाइनचा भाव घरातून काम करणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा.

यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आधी करा. वायफाय सोडून राउटरपासून संगणकापर्यंत कॅट-६ वायर ओढा. एडिटरला मूळ फुटेजऐवजी १० एमबीपीएसच्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) पाठवा: ४५ जीबीचे साडेचार होतात आणि ३९९ चा प्लॅनही पुरतो. फायनल रेंडर मात्र मूळ फुटेज असेल तिथेच करावं लागेल, तेवढं एडिटरशी आधी बोलून ठेवा.

दिवाळीत लाइनमन मिळत नाही. जोडणी बदलायची तर दसऱ्यापर्यंत बदला, अपलोडचा आकडा लेखी मागा, आणि पहिल्याच दिवशी ५ जीबीची फाइल चढवून घड्याळ लावा. १०० च्या लाइनवर ती सात-आठ मिनिटांत गेली पाहिजे.