कुत्रं ठेवायचं की नाही, ते घरी राहणारीला विचारा

नेमावरकडच्या आपल्या एका सभासदाच्या घरात सध्या वाद चालू आहे. घाटावर सापडलेलं सहा महिन्यांचं पिल्लू डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी नळी लावून सांगितलं की छातीत मोठा मर्मर ऐकू येतोय, हृदयात दोष असणार. पोरं म्हणतात ठेवूच. आजी म्हणते, मरणारं जनावर दारात कशाला? माझं मत मागितलंय, म्हणून लिहितो.

दोष म्हटला की मरण, असं नाही. अगदी लहान पिल्लांत हलका मर्मर असतो, तो चार-पाच महिन्यांत बहुतेक आपोआप जातो. मोठा असेल, राहिला असेल, तर इको केल्याशिवाय काही कळत नाही. आईच्या पोटात असताना उघडी असलेली एक रक्तवाहिनी जन्मानंतर बंद व्हावी लागते. ती उघडीच राहिली तर बरीच पिल्लं वर्षभरात जातात. तीच ऑपरेशनने वेळेवर बंद केली तर कुत्रं चारचौघांसारखं जगतं. डॉबरमनचं हृदय फुगून थकतं, ते दुखणं निराळं. म्हाताऱ्या पॉमेरेनियनची झडप गळते, ते आणखी निराळं. त्यात हृदय मोठं झाल्यावर पिमोबेंडन सुरू केलं तर पुढचा त्रास साधारण सव्वा वर्ष लांबतो, असं 2016 सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. कुत्र्याच्या आयुष्यात सव्वा वर्ष काही थोडं नाही.

धार जिल्ह्यातल्या खलघाट-धरमपुरीवाल्यांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात बरं पडतं. देवास जिल्ह्यातल्या नेमावरहून इंदूर म्हणजे शंभरावर किलोमीटर, त्या दिवसाची मासळी गेली. इको होतो का, हे फोनवर विचारूनच निघा.

आता खरी गोष्ट. गोळ्या लागल्या तर बहुतेक रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. 16 जून ते 15 ऑगस्ट आपली मासेमारी बंद, कमाई बंद. गोळ्या बंद नाहीत. पाणी उतरवायची गोळी असली की सारखं लघवीला न्यायचं, भांड्यात पाणी कायम भरलेलं ठेवायचं. रात्री ते गाढ झोपल्यावर मिनिटभर श्वास मोजायचे, आत-बाहेर मिळून एक. रोज तिसाच्या वर जायला लागले की डॉक्टरांना फोन. खारवलेली सुकी मासळी अजिबात नाही, आणि आपल्या घरात तीच सगळ्यात आधी कुत्र्यापुढे पडते!

हे सगळं कोण करणार? आपण पहाटे जाळी उचलायला नावेवर. करणार बायको, नाहीतर आई. आणि ठेवायचं हे मात्र आपण घाटावर उभ्या उभ्या ठरवून मोकळे. म्हणून मत तिचं. ती नाही म्हणाली तर नाही. खंडोबाचं कुत्रं आहे, पाप लागेल, असं म्हणून तिला गप्प बसवू नका.

ती हो म्हणाली तर जरूर ठेवा. फक्त जाळ्यांच्या राखणीला म्हणून नको, त्याला तेवढी धावपळ झेपणार नाही. आणि ती नाही म्हणाली तरी इको तेवढा करून घ्या. दोष बरा होणारा निघाला, तर इंदूर-देवासात घेणारं घर शोधताना तो कागद हातात असलेला बरा.