ऋतुसंधीचे दिवस

मार्चमध्ये साताऱ्यात पहाटे शाल हवीशी वाटते आणि दुपारी पंखा. सांगलीकडे तासगावात बेदाणा वाळत असतानाच अवकाळीचे ढग दाटतात. पळस फुलला तरी वसंत स्थिरावलेला नसतो. सरत्या ऋतूचा अखेरचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुनी सवय क्रमाक्रमाने सोडावी, असे वाग्भट सांगतात. तेव्हा आजींचा स्वेटर इतक्यात ट्रंकेत ठेवू नये. वयपरत्वे तहान मंदावते. पाणी आठवणीने द्यावे, मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. उकाड्यात उठताना चक्कर येत असेल, तर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद न करता दाब मोजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. पहाटेचा फेरफटका ऊन कोवळे असताना घेतला, तरी पाडव्यापर्यंत काही बिघडत नाही.