भावाची मोटार, माझी भातुकली

माझं सासर-माहेर एकाच गावात, वरवट बकालला. त्यामुळे दिवाळीची आवराआवर मला दोनदा करावी लागते! यंदा माहेरच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात भावाची लहानपणची काळी मोटार सापडली. मामांनी मुंबईहून आणलेली. भाचा तर नाचायलाच लागला, "आत्या, ही बॅटमॅनची गाडी आहे!"

१९६६ ते ६८ या काळात अमेरिकेत टीव्हीवर 'बॅटमॅन' मालिका चालली. तिच्यातल्या मोटारीचं हे खेळणं ब्रिटनच्या कॉर्गी कंपनीनं १९६६ सालीच काढलं. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून बनवलेलं, म्हणून हाताला चांगलं जड लागतं. मागच्या नळ्यांतून इवली रॉकेटं उडायची, नाकातून पातं बाहेर यायचं. जगभर मोठी माणसं अशा मोटारी जमवतात, दुरुस्त करतात.

भाचाही दुरुस्तीला बसलाय. तळाचे रिवेट ड्रिलनं काढून गाडी उघडली, चाकांच्या दांडीचा गंज घासला. रंगाला मात्र हात लावायचा नाही म्हणे. ओरखडे असले तरी मूळ रंगच हवा. नवा दिला की जमवणाऱ्यांच्या लेखी किंमत उतरते.

मला हे आवडलं, आणि लागलंही. त्याच माळ्यावर माझी पितळी भातुकली होती. लग्न ठरलं तेव्हा ती मोडीत गेली. "आता खरा संसार मांडायचा, हा कशाला?" आई म्हणाली, आणि मीही हसले. लग्न तर भावाचंही झालं. त्याची मोटार कुणी मोडीत घातली नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि १९७५ मध्ये तो संग्रह सरकारला दिला. बायकांच्या रोजच्या हातातल्या त्या वस्तू लोक आज तिकीट काढून बघतात. घरात मात्र आपण जपलं तर तो पसारा! बचत गटात मी विचारलं, कुणाकडे लहानपणचं खेळणं आहे का गं? एकच हात वर झाला. तिच्याकडे होता नवऱ्याचा भोवरा.

मैत्रिणींनो, लेकीचं लग्न ठरलं की तिच्या खेळण्यांचं काय करायचं, हे निदान तिला तरी विचारा.

परवा भंगारवाल्याच्या ढिगात चिमुकली पितळी कळशी दिसली. माझी नव्हे. तळाला भोक. तरी वजनावर घेतली. "हे काय नवीन खूळ?" घरात झालंच. भाच्याला सांगून ठेवलंय, तुझी मोटार झाली की हिला डाग द्यायचाय.