सेप्टिक टाकीत मृत्यू झालेल्या सफाई कामगारांच्या वारसांना ३० लाख रुपये नुकसानभरपाई मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा दक्षता समिती

महोदय,

माझे पती एका खासगी गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टाकीत उतरले ते परत वर आले नाहीत. त्यांच्यासोबत कामाला असलेला, आधी उतरलेला मुलगा हाकेला ओ देईना, म्हणून त्याला काढायला ते गेले होते. दोघेही गेले. ठेकेदाराने दोघांत मिळून एक नायलॉनचा दोर आणि बादली दिली होती. ब्लोअर नव्हता, वायू तपासायचे यंत्र नव्हते, ऑक्सिजन मास्क नव्हता. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि माणूस जागीच कोसळतो. बेशुद्ध माणसाला ओढून काढायला वर कोणी हवे ना? वर एकटा वॉचमन होता.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. ठेकेदार सांगतो, पाय घसरून पडले. माझे पती पडले नाहीत, त्यांना उतरवले गेले. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे असे काम कोणीही, खासगी सोसायटीनेसुद्धा, करून घेऊ शकत नाही. म्हणून ठेकेदार आणि सोसायटीचे पदाधिकारी यांच्यावर या कायद्याखाली व भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा नोंदवावा. अशा गुन्ह्यांच्या तपासावर लक्ष ठेवणे हे आपल्या दक्षता समितीचेच काम आहे.

"खासगी जागा आहे, सरकारचा संबंध नाही," हे उत्तर आम्हाला कृपया देऊ नये. २०१९ मध्ये गोवंडीत खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि ती रक्कम जबाबदार लोकांकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख केली आणि वारसाला रोजगार, मुलांना शिक्षण देण्यासही सांगितले. शासनाने आधी रक्कम द्यावी, वसुली मागाहून करावी.

दहाव्याला ठेकेदार थोडी रोकड आणि स्टँप पेपर घेऊन आला. "यापुढे कोणतीही मागणी नाही," असे त्यावर लिहिले होते. मी सही केली नाही. त्या मुलाच्या आईने मात्र अंगठा दिला. तिला वाचता येत नाही, आणि घरात कमावणारा तोच होता. त्या कागदामुळे तिचा हक्क बुडू नये, ही मागणी मी माझ्या मागणीइतक्याच आग्रहाने करते. ती गावाकडे राहते. वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या मारणे तिला झेपणार नाही. तहसीलदारांमार्फत चौकशी करून रेशन कार्ड व आधारवरून वारस ठरवावा आणि रक्कम थेट तिच्या बँक खात्यात जमा करावी.

माझी मोठी मुलगी दहावीला आहे. तिची फी आणि शिष्यवृत्ती समाज कल्याण विभागाकडून याच वर्षी सुरू व्हावी. भरपाईच्या फाइलसाठी ही मदत अडवून ठेवू नये.

केलेली कार्यवाही आम्हा दोन्ही कुटुंबांना लेखी कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
मयत सफाई कामगाराची पत्नी

प्रत : मा. पोलीस आयुक्त, मा. सहायक आयुक्त, समाज कल्याण